झाडाखालचा पाट : बोन्सायसाठी घरच्या घरी बैठक

श्रोतेहो, आपल्यातली माणसे वडाच्या किंवा चिंचेच्या एखाद्या बोन्सायवर, म्हणजे कुंडीत बुटक्या राखलेल्या झाडावर, दहा-दहा वर्षे कष्ट घेतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी तेच झाड टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर नुसते टेकवतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बैठकीला, म्हणजे कुंडीखाली ठेवायच्या फळीला किंवा छोट्या टेबलाला, पैसे लागतात म्हणून ती केली नाही असे सांगितले जाते, आणि ते खरे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात जिथे जिथे जुने कौलारू घर उतरवले जाते, तिथे चौकटीचे आणि तुळईचे सागवान जळणाच्या ढिगात पडलेले असते. दोन-तीन बैठकांना तेवढे पुरते.

जपानमध्ये बोन्साय मांडण्याच्या टेबलाला ‘शोकु’ म्हणतात आणि बिनपायांच्या सपाट फळीला ‘जिइता’. तिथे झाड खोलीतल्या ‘तोकोनोमा’ नावाच्या कोनाड्यात मांडतात आणि पाहणारा जमिनीवर बसून ते पाहतो, त्यामुळे बुटकी बैठकही तिथे शोभते. आपल्याकडचा प्रेक्षक उभा असतो आणि टेबल जेमतेम अडीच फुटांचे असते. नजर वरून पडते आणि बुंध्याची चढण, जी घडवायला सर्वाधिक वर्षे गेली, तीच दिसत नाही. म्हणून बैठकीच्या आधी चादरीखाली एखादे मजबूत खोके ठेवून झाड वर घ्यावे. बैठक उंच करून ही उणीव भरू नये, कारण सरळ वाढलेले झाड लांब पायांवर डळमळीत दिसते. उंच बैठक शोभते ती कुंडीच्या खाली झेपावणाऱ्या झाडाला, आणि तिथेही फांदीचे टोक टेबलाला टेकता कामा नये.

मापे सोपी आहेत. कुंडीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटे फळी दिसावी, पण ती झाडाच्या पसाऱ्याबाहेर जाऊ नये. चौकोनी कुंडीला चौकोनी बैठक, लंबगोल कुंडीला कडा गोलसर केलेली. रंग कुंडीपेक्षा गडद असावा. बैठक केल्यावर दहा पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. नजर आधी बैठकीकडे गेली तर पाय जाड झाले आहेत किंवा चकाकी जास्त झाली आहे असे समजावे.

आता लाकडाविषयी थोडे थांबून बोलतो, कारण इथेच माझी पहिली बैठक वाया गेली. आंब्याची फूटभर रुंद फळी मी ऐन श्रावणात घेतली, खाली दोन आडव्या पट्ट्या सरस लावून खिळ्यांनी घट्ट ठोकल्या, आणि फाल्गुनात फळीला मधोमध तडा गेला. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडे चार महिने भिंतींनाही ओल धरते, त्यामुळे हा फरक अधिकच जाणवतो. पट्टीने फळीला आकसू दिले नाही, म्हणून ती फाटली. उपाय बिनखर्चाचा आहे : सरस लावायचा नाही, पट्टीच्या मधल्या भोकात स्क्रू घट्ट बसवायचा आणि टोकांकडची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायची, म्हणजे फळीबरोबर स्क्रूही थोडा सरकतो. जुन्या चौकटीचे सागवान कित्येक पावसाळे पाहिलेले असल्यामुळे त्याला पीळ कमी पडतो. फक्त रंधा लावण्याआधी त्यातले मोडके खिळे चिमट्याने शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. खानापूरच्या रानातून ओंडका उचलून आणण्याचा मोह मात्र धरू नये. ते कायद्यात बसत नाही, शिवाय ओले लाकूड वाळायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण वर्ष लागते.

गडद रंगासाठी बाजारातला डाय लागत नाही. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजत घालून ते पाणी गाळून घ्यावे. फळीला आधी कडक चहाचा काढा पाजावा, तो वाळला की हे पाणी ब्रशने लावावे. लाकूड डोळ्यांदेखत राखाडी आणि मग काळपट होत जाते. वरून जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, उघड्यावर पसरून वाळवावे, कारण असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चपडी लाखेचे पॉलिश अधिक देखणे असते, पण कुंडीतून पाणी झिरपले की त्यावर पांढरे डाग उमटतात.

सुतारकामाची सवयच नसेल, तर स्वयंपाकघराच्या ओट्याचे काम चालते तिथे कडप्प्याचा तुकडा मागून घ्यावा. कडा पॉलिश पेपरने घासून तेलाचा हात फिरवला की समूहात लावलेल्या झाडांच्या उथळ ट्रेसाठी उत्तम जिइता तयार होते. घरातला जुना पाटही चालतो. अनेक पाटांना खाली आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे तो जमिनीपासून बोटभर उचललेला असतो आणि झाडाखाली सावलीची एक बारीक रेघ पडते. तीच रेघ झाडाला हलकेपणा देते.

ही बैठक प्रदर्शनाच्या दिवसापुरती. झाडाला सकाळी पाणी घालून, कुंडीचा तळ फडक्याने पुसूनच ते वर ठेवावे, आणि संध्याकाळी उतरवून पुन्हा अंगणातल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर न्यावे, जिथे कुंडीच्या भोकांखाली दोन इंच मोकळी हवा आहे.