इंग्रजीची परीक्षा नेमकी कशाची होते?

मित्रहो, आधी तुमचीच एक छोटी परीक्षा घेतो. इंग्रजीची नाही, मराठीची. मी एक उतारा वाचतो, तो ऐका.

‘काल सकाळी तालुक्याच्या घुमडीत शेतकऱ्यांनी उरठी चिपाळ केली. यंदा कांद्याला लोवटा मिळाला नाही आणि सरकारने जाहीर केलेली तिवणी अजून कुणाच्याही पदरात पडली नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी तहसीलदारांनी त्यांना लुंबवलं आणि सगळे झिमत घरी गेले.’

आता प्रश्न. शेतकऱ्यांनी चिपाळ कुठे केली? घुमडीत. चिपाळ कशी होती? उरठी. कांद्याला काय मिळालं नाही? लोवटा. सगळे घरी कसे गेले? झिमत. शाब्बास. चारपैकी चार गुण.

आता पाचवा प्रश्न. शेतकऱ्यांचं काम झालं का? तहसीलदारांनी त्यांची समजूत काढली की दम दिला? ते हसत घरी गेले की शिव्या घालत? आता सभागृह गप्प आहे, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. उताऱ्यात ३५ शब्द आहेत, त्यातले ७ मी मनाने रचलेले. म्हणजे दर पाचातला एक शब्द तुम्हाला परका होता. तरीसुद्धा पहिले चार प्रश्न तुम्ही पैकीच्या पैकी सोडवलेत.

आपल्या कॉलेजांमध्ये इंग्रजीच्या पेपरात उताऱ्यावरचे जे प्रश्न येतात, त्यातले बहुतेक या पहिल्या चार प्रश्नांच्या जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं. मुलगा पास होतो, आपण त्याला वाचता येतं असं धरून चालतो, आणि मग तोच मुलगा बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की शब्द, व्याकरण आणि वाचन या तिन्ही गोष्टी आपण तपासतो असं आपल्याला वाटतं, पण पेपर तपासतो तो पाठांतर आणि डोळ्यांची चपळाई. हे बदलता येतं, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

मी आत्ता केला तो खेळ माझा नाही. न्यूझीलंडमध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एक गोष्ट घेतली, तिच्यातले काही शब्द काढून जागी निरर्थक शब्द घातले आणि ती इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाचायला दिली. काहींना ८० टक्के शब्द ओळखीचे, काहींना ९०, काहींना ९५, काहींना सगळेच. ८० टक्क्यांच्या गटात एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. ९५ टक्क्यांवर काहींना समजली, बहुतेकांना नाही. त्यांनी हिशेब मांडला तो असा की कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे ५० शब्दांत एकच अनोळखी.

आता आपल्या मुलाकडे या. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे आज एफ.वाय.ला येणारा मुलगा बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला शब्द किती येतात? तुमच्यापैकी किती प्राध्यापकांनी हे कधी मोजलंय? हात वर करायला लावत नाही, काळजी करू नका.

मोजायची साधनं आहेत आणि ती फुकट आहेत. याच नेशन यांनी १९८३ मध्ये शब्दांच्या पातळ्यांची एक चाचणी तयार केली. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरले जाणारे पहिले २००० शब्द, मग ३०००, ५०००, १०,००० अशा तिच्या पायऱ्या, आणि अभ्यासाच्या पुस्तकांत लागणाऱ्या शब्दांची एक वेगळी पायरी. मांडणी जोड्या लावण्याची: एका बाजूला सहा शब्द, दुसऱ्या बाजूला तीनच अर्थ. तीन शब्द उरतात, त्यामुळे शेवटची जोडी आपोआप लागत नाही. आपल्याकडे जोड्या लावा म्हटलं की पाचाला पाच असतात. चार जमले की पाचवा देवाच्या कृपेने. नंतर २००७ मध्ये नेशन आणि बेगलर यांनी शब्दसंख्या मोजणारी १४० प्रश्नांची चाचणी आणली. दर हजार शब्दांमागे दहा प्रश्न, म्हणजे एक बरोबर उत्तर साधारण शंभर शब्दांच्या बदली धरायचं. तिची एक गंमत अशी की पर्याय विद्यार्थ्याच्या भाषेत देता येतात. व्हिएतनामीत अशी आवृत्ती झाली आहे. मराठीत पर्याय लिहायला दोन-तीन प्राध्यापकांना एक सुट्टी पुरेल.

पहिल्या दोन हजारांनाच एवढं महत्त्व का? एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय मजकुराचा मोठा साठा तपासला. त्यात हे नेहमीचे दोन हजार शब्द सुमारे ७६ टक्के जागा व्यापत होते, आणि त्यांनी वेगळे काढलेले ५७० अभ्यासाचे शब्द आणखी १० टक्के. म्हणजे पुस्तकातलं पान मुलाला का लागत नाही याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. ज्याचे पहिले दोन हजारच कच्चे आहेत, त्याच्यापुढे आपण निबंध आणि कविता ठेवतो. त्याची अवस्था मघाच्या घुमडीतल्या शेतकऱ्यांसारखी होते. काय चाललंय ते कळत नाही, पण झिमत घरी जातो.

शब्दांच्या बाबतीत आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. त्यांना इंग्रजी शब्द भरपूर येतात, कारण ते मराठीतच आहेत. टेन्शन, फॉर्म, चान्स, इश्यू, ॲड्रेस. ‘हा शब्द माहीत आहे का, हो की नाही’ असं विचारलं तर तो सरसकट हो म्हणेल. ब्रिटनमध्ये पॉल मेरा यांनी अशाच हो-नाही चाचण्या बनवल्या आणि त्यात मुद्दाम अस्तित्वात नसलेले शब्द पेरले. जो त्यांनाही हो म्हणतो, त्याचे गुण तेवढे कापायचे. ही युक्ती फेकाफेक पकडते. पण आपला मुलगा फेकत नसतो. ॲड्रेस त्याला खरोखर माहीत आहे, फक्त पत्ता म्हणून. ‘द प्रिन्सिपल ॲड्रेस्ड द इश्यू’ म्हणजे प्राचार्यांनी प्रश्न हाताळला, पण त्यांनी कुणाला तरी पत्र पाठवलं असं त्याला वाटतं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतलं ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स’ हे वाक्य आपण सगळ्यांनी हजार वेळा ऐकलंय. वर्गात त्याचा अर्थ विचारून बघा. बाजाराच्या जोखमीच्या अधीन, असं नाही, तर बाजारातल्या जोखमीचा विषय, असं उत्तर मिळेल. म्हणून शब्द सुटा विचारून भागत नाही, वाक्यात विचारावा लागतो, आणि त्यातही त्याच्या मराठीत स्थिरावलेल्या अर्थाहून वेगळ्या अर्थाने.

व्याकरणाकडे येतो, आणि इथे मी जरा कडू बोलणार आहे. व्हॉइस बदला, डिग्री बदला, ‘नो सूनर’ वापरून लिहा, ‘टू’ काढून टाका. हे प्रश्न आपण किती पिढ्या विचारत आलो आहोत? मी फळ्यावर लिहितो: ‘द ग्लिंक ब्लॉर्ब्ड द ट्रस्क’. पॅसिव्ह करा. ‘द ट्रस्क वॉज ब्लॉर्ब्ड बाय द ग्लिंक’. दहावीचा मुलगाही करेल, पूर्ण गुण. ग्लिंक म्हणजे प्राणी की भांडं, याच्याशी कुणाला देणं-घेणं नाही. ही एक प्रकारची बीजगणिताची उदाहरणं आहेत आणि आपली मुलं त्यात वाकबगार आहेत. तीच मुलं बोलताना ‘मायसेल्फ संतोष’ म्हणतात आणि ‘डिस्कस अबाउट’ लिहितात, आणि पेपर या दोन गोष्टींच्या वाटेला कधी जात नाही.

मग व्याकरण विचारायचं कसं? अर्थातून. हे वाक्य घ्या: ‘द कमिटी दॅट द प्रिन्सिपल हॅड अपॉइंटेड रिजेक्टेड द प्रपोजल’. प्रश्न मराठीत: प्रस्ताव कुणी फेटाळला? वर्गात मोठा गट प्राचार्यांच्या नावाने हात वर करतो. मराठीत आपण ‘प्राचार्यांनी जी समिती नेमली होती, तिने प्रस्ताव फेटाळला’ असं म्हणतो. जी-ती वाट दाखवतात. इंग्रजीत मुलगा क्रियापदाच्या जवळचं नाम पकडतो आणि फसतो. किंवा ‘अ फ्यू स्टुडंट्स केम’ आणि ‘फ्यू स्टुडंट्स केम’ ही दोन वाक्यं द्या आणि विचारा, कोणत्या वाक्यातले सर नाराज आहेत? ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आले, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. एका ‘अ’वर सगळं अवलंबून आहे. आर्टिकल भरा म्हणून दहा गाळलेल्या जागा देण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त सांगून जातो. ‘ॲडमिशन विल बी कॅन्सल्ड अनलेस द फी इज पेड बाय फ्रायडे’ अशी सूचना द्या आणि विचारा, शुक्रवारी सकाळी फी भरलेल्या मुलीचा प्रवेश रद्द होईल का? हे व्याकरणच आहे. पेपर सेट करायला वेळ जास्त लागतो, एवढंच.

आता वाचन. माझा आग्रह असा की कॉलेजातल्या मुलाचं इंग्रजी वाचन तपासताना प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तरं मराठीत घ्यावीत. काही जणांच्या कपाळावर आठ्या दिसतायत. पण विचार करा. इंग्रजी उतारा समजून मुलीने इंग्रजीत उत्तर लिहिलं आणि वाक्य मोडकं झालं, तर तुम्ही गुण कशाचे कापले? वाचनाचे की लिहिण्याचे? आणि तिने उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर तिला पूर्ण गुण. म्हणजे जिने समजून स्वतःच्या शब्दांत लिहिलं ती मागे, जिने न समजता नक्कल केली ती पुढे. मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की नक्कल करायची सोयच उरत नाही. इस्रायलमध्ये एलाना शोहामी यांनी १९८४ मध्ये दाखवलं की तोच उतारा, त्याच मुलांची पातळी, पण प्रश्न परभाषेऐवजी स्वभाषेत विचारले की गुण वाढतात. प्रश्नाची भाषा हीच एक वेगळी परीक्षा होऊन बसते.

या विचाराला आपल्याच देशात जुनी मुळं आहेत. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी फाळणीआधीच्या हिंदुस्थानात ढाक्याला होते. १९२६ मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिक शिक्षणावर त्यांनी लिहिलं, त्यात त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय येतं? बंगालमधली बहुतेक मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात, तेव्हा त्या दिवसापर्यंत शिकलेल्या इंग्रजीचा त्यांना काय उपयोग? वेस्ट यांचं उत्तर होतं, वाचन. बोलायला समोर माणूस लागतो, लिहायला कारण लागतं, वाचायला एक कागद पुरतो. पुढे त्यांनीच नेहमीच्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी काढली, १९५३ची. मघाशी ज्या दोन हजारांचं बोललो, ते मूळचे हेच. माझ्या मते आपल्या एफ.वाय.च्या मुलांचा हिशेबही याच शब्दात मांडायला हवा. त्यातली निम्मी पदवीनंतर इंग्रजी बोलणार नाहीत, पण भाडेकरार, औषधाचं पत्रक, भरतीची जाहिरात वाचणार आहेत.

एक चाचणी मात्र मी आवर्जून सुचवेन, कारण ती कुणालाही दहा मिनिटांत तयार करता येते. क्लोझ टेस्ट. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ती मांडली, ती पत्रकारितेच्या क्षेत्रात. एखादा मजकूर वाचकांना कितपत झेपतो हे त्यांना मोजायचं होतं. पहिलं वाक्य अख्खं ठेवायचं, पुढे ठरावीक अंतराने, समजा दर सातवा शब्द काढून टाकायचा. निवडून अवघड शब्द काढायचे नाहीत, पाळी येईल तो. तो ‘ऑफ’ असेल, ‘नॉट’ असेल, ‘कॅपिटल’ असेल. मुलगा भरतो तेव्हा त्याचे शब्द, व्याकरण आणि अर्थाचा माग, तिन्ही एकदम कामाला लागतात. अर्थाला चालणारा दुसरा शब्द भरला तर तोही बरोबर धरावा, नाहीतर आपण पुन्हा पाठांतराकडे वळलो. आणि उतारा इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. बी.कॉम.च्या मुलांना अकाउंटन्सीच्या पुस्तकातलं पान द्या, बी.एस्सी.च्या मुलांना बॉटनीचं. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला अचानक इंग्रजी पुस्तक हातात आलेली मुलं तिथे बसलेली असतात. अर्ध्याहून जास्त वर्गाला ते पान भरता आलं नाही, तर नापास ते पान झालं, मुलं नाही. टेलर यांचा मूळ हेतूही हाच होता.

हे सगळं कधी करायचं? जुलैमध्ये, वर्ग भरायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात, आणि गुणपत्रिकेत न धरता. नोटीस बोर्डावर यादी लावायची नाही. यादी लागली की दुसऱ्या दिवसापासून वर्गात हुशारांचा आणि ढब्बूंचा बाक तयार होतो, आणि ती मुलं पुन्हा तोंड उघडत नाहीत. निकाल फक्त शिक्षकाने बघायचा आणि कुणाला दोन हजार शब्दांपासून सुरुवात हवी, कुणाला वाक्यरचनेपासून, हे ठरवायचं. फेब्रुवारीत तीच चाचणी, उतारा दुसरा.

विद्यापीठ काय म्हणेल, असं मला जिथे जातो तिथे विचारतात. अंतिम पेपर आपल्या हातात नाही, कबूल. पण इंटर्नलचे गुण आपल्याच हातात असतात आणि सध्या ते आपण हजेरी, फाइलचं कव्हर आणि गाइडमधून उतरवलेली असाइनमेंट बघून देतो. त्यातला एक उतारा, दहा गुणांचा, प्रश्न मराठीत, यंदाच्या सत्रात घालून बघा. तपासताना दोघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग ताडून पाहा. दोघांचे गुण फार लांब गेले तर प्रश्न नीट लिहिला गेला नाही असं समजा आणि तो बदला.