हवेतला पैसा आणि वहीतला पैसा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि शनिवारची दुपारची झोप सोडून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय. ‘परवडणारी घरे : स्थानिक संस्था, बाहेरचे विकासक आणि निधीची त्रिसूत्री’. त्रिसूत्री मी सांगणार आहे, काळजी नको. पण ती मला कुठे सुचली ते आधी सांगतो, नाहीतर ती सरकारी परिपत्रकासारखी वाटेल.

मी नोकरी केली स्थानिक निधी लेखापरीक्षेत. नगरपालिकांच्या वह्या तपासायच्या. चहापानाच्या चारशे ऐंशी रुपयांना मंजुरी नाही, म्हणून मी आक्षेप काढलेले आहेत. तो आक्षेप सहा वर्षं निरस्त झाला नाही. हसू नका, त्यातला एक मुख्याधिकारी इथं बसलेला असू शकतो. सांगायचं काय, तर रोख पैसा हलला की त्याच्या मागे आमच्यासारखा एक खडूस माणूस चष्मा पुसत उभा असतो. आणि त्याच काळात गरिबांच्या घरांसाठी कोट्यवधींचा ऐवज वाटला जात होता, त्याला वहीत एक ओळसुद्धा नव्हती. कारण तो पैसा नव्हताच. ते चटईक्षेत्र होतं, म्हणजे जमिनीवर किती बांधकाम करायचं त्याची परवानगी.

काय शब्द आहे बघा, चटईक्षेत्र! चटई काढली गरिबाच्या नावानं, अंथरली भलत्याच्याच दिवाणखान्यात.

आता माझ्या वडिलांची गोष्ट. मुंबईच्या उपनगरात आमची झोपडी होती. १९९५ साली घोषणा झाली, चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणही त्याच साली आलं. प्राधिकरण राज्य सरकारचं, महापालिकेचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. पहिल्या रांगेतल्या अभियंतासाहेबांनी हात खाली घ्यावा. पण वाढलेल्या मजल्यांना पाणी कोण देतं? गटार कुणाचं? म्हणजे दान राज्याचं आणि नळ पालिकेचा.

तेव्हाच्या योजनेचं गणित सरळ. बिल्डरनं झोपडीवाल्याला २२५ चौरस फुटांचं घर फुकट बांधून द्यायचं. त्या बदल्यात त्याला विक्रीसाठी बांधकाम मिळणार. सुरुवातीच्या नियमात शहरात पुनर्वसनाच्या शंभर फुटांमागे पंचाहत्तर, उपनगरात शंभराला शंभर, धारावीत शंभराला एकशे तेहतीस. सत्तर टक्के लोकांची संमती लागायची. आमच्याकडे संमतीपत्रावर सह्या झाल्या, परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी लागली, त्यात वडील पात्र ठरले. सख्खा शेजारी अपात्र, कारण रेशनकार्डावर आडनावात एक अनुस्वार जास्त होता. अठरा महिन्यांत ताबा, असं सांगून सगळ्यांना संक्रमण शिबिरात नेलं. पत्र्याच्या खोल्या. मे महिन्यात तिथं पापड बाहेर वाळत घालावे लागत नसत, घरातच वाळत.

अठरा महिने झाले, तीन वर्षं झाली. वडील दर महिन्याच्या दहा तारखेला बिल्डरच्या ऑफिसात जात. तिथला कारकून भला माणूस, चहा पाजायचा आणि म्हणायचा, “काका, समोरच्या टॉवरमधले फ्लॅट जाऊ देत, लगेच तुमचा स्लॅब.” झालं होतं असं, की मुंबईतले जागांचे भाव १९९५-९६ च्या सुमारास शिगेला गेले आणि मग कोसळले. टॉवरला गिऱ्हाईक नाही, म्हणून आमच्या इमारतीला सिमेंट नाही.

वडिलांनी मग वेगळंच सुरू केलं. गिरणीत साचे चालवलेला माणूस रविवारच्या पेपरात फ्लॅटच्या जाहिराती वाचायला लागला. भाव वाढला की खूश! सॅम्पल फ्लॅट बघायला गाडीतून कुणी उतरलं, की हे धोतर सावरत जवळ जाऊन सांगत, “पाणी चांगलं येतं हो इथं. वारा पण छान आहे.” बिनदलालीचा दलाल. एकदा अशाच एका बाईंनी विचारलं, “तुम्ही इथंच राहता का?” वडील म्हणाले, “तुम्ही घेतलंत तर राहू.”

शेवटी भाव वाढले, टॉवर विकला गेला, नवव्या वर्षी वडिलांना घर मिळालं. आणि त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. त्याला त्या उपनगरात खोली घ्यायची होती. ज्या भाववाढीसाठी आमच्या वडिलांनी नऊ वर्षं देव पाण्यात घातले होते, तीच भाववाढ पोराच्या आड आली. तो गेला विरारच्या पुढे.

माझं म्हणणं एवढंच आहे. गरिबाचं घर श्रीमंताच्या फ्लॅटच्या भावाला बांधलं, की शहर महाग होणं हीच त्या योजनेची पूर्वअट होते. मंदी आली की पहिला फटका शिबिरातल्या माणसाला. १९९८ मध्ये सरकारनं शिवशाही पुनर्वसन प्रकल्प ही कंपनी काढली, रखडलेल्या योजनांना पैसा मिळावा म्हणून. म्हणजे शेवटी रोख लागलीच ना? मग आधीच दिली असती तर मी तिचं ऑडिट तरी केलं असतं.

कुणी म्हणेल, रोखीनं घरं बांधण्याचा काळ कधी होताच कुठे. होता. बीडीडी चाळी घ्या, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी. १९२० च्या दशकात बांधल्या, १६० फुटांच्या खोल्या, आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर लावला होता. गासडीला रुपया! किती स्वच्छ हिशेब आहे बघा. ठरल्या होत्या पन्नास हजार खोल्या, झाल्या जेमतेम सोळा हजार, आणि सुरुवातीला कित्येक रिकाम्या पडल्या, कारण भाडं जास्त आणि काँक्रीटच्या भिंती तापायच्या. योजना फसली म्हणा हवं तर. पण किती फसली ते आज आपल्याला सांगता येतं. कापसाचा रुपया वहीत होता.

(संयोजकांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? पाच? बरं. त्रिसूत्री.

पहिलं, जमीन. पालिकेनं जमीन बाहेरच्या संस्थेला द्यावी, पण भाडेपट्ट्यानं; विकू नये, चटईक्षेत्रात विरघळवू नये. भाडेपट्टा संपला, अटी मोडल्या, तर जमीन परत येते. विकलेली जमीन आणि गेलेली सासुरवाशीण... नको, हा विनोद राहू दे.

दुसरं, पैसा रोख आणि हप्त्यानं. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत भागीदारीतल्या घरांचा जो घटक होता, त्यात आर्थिक दुर्बल गटातल्या दर घरामागे केंद्राचे दीड लाख, महाराष्ट्राचा एक लाख असे मिळायचे. प्रकल्पात किमान अडीचशे घरं लागायची, त्यातली निदान पस्तीस टक्के या गटाची. केंद्राचा पैसा चाळीस, चाळीस, वीस असा तीन टप्प्यांत. अडीच लाखांत मुंबईत मोरीसुद्धा होत नाही, मान्य. रक्कम तोकडी आहे, रीत बरोबर आहे. काम दिसलं की पैसा सुटतो, थांबलं की थांबतो, आणि तिसऱ्या माणसाला तो मोजता येतो.

तिसरं, बांधणारा कोण. हा खरा माझा विषय होता, ह्यालाच वेळ उरला नाही. बाहेरचा म्हणजे बिल्डरच कशाला? नेदरलँड्सनं १९०१ च्या कायद्यानं गृहसंस्थांना मान्यता देऊन सरकारी कर्जाची वाट मोकळी केली. व्हिएन्नानं १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं पालिकेनंच बांधली. आज तिथं मर्यादित नफ्याच्या संस्थाही बांधतात. भाडं बांधकामाच्या खर्चावर ठरतं, शिल्लक पुन्हा घरांत घालावी लागते. आपल्याकडे सहकार आहे, गृहनिर्माण संस्थांचा इतका जुना अनुभव आहे, आणि तरी आपण संस्था स्थापतो ती कशासाठी? बिल्डर निवडायला. तिलाच जमीन आणि हप्ते दिले, आणि बांधून घ्यायला ठेकेदार नेमू दिला, तर नफा ठेकेदारीपुरता राहील. कमिटीत भांडणं होतील. ती आताही होतातच.

इंग्लंडमध्ये १९८० नंतर पालिकेची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली, त्यावर दोन शब्द बोलणार होतो, ते गेलं. चौथा मुद्दा देखभालीचा. आमच्या योजनेत दर घरामागे वीस हजारांची ठेव होती आणि तिच्या व्याजावर सातव्या मजल्याची लिफ्ट चालायची होती. वडील ऐंशी पायऱ्या... ते कुणीतरी प्रश्नोत्तरांत विचारा. चहा आलेला दिसतोय.