दिवस राहिले, पण कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

मातामृत्यू हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर प्रसूतिगृह येते, भरलेले दिवस येतात. परंतु जिला आपल्याला दिवस राहिले आहेत हेच ठाऊक नव्हते, अशा स्त्रीचा मृत्यूही मातामृत्यूच असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गरोदरपणात, किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने आलेला मृत्यू मोजताना गर्भ किती दिवसांचा होता आणि शरीरात कुठे होता, हे पाहिले जात नाही. आज मला बोलायचे आहे ते या 'कुठे'विषयी.

स्त्रीबीज फळते ते गर्भाशयात नव्हे, तर गर्भनलिकेत, आणि तिथून गर्भाशयापर्यंत सरकायला त्याला काही दिवस लागतात. ही वाट जुन्या जंतुसंसर्गाने, क्षयाने किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेने खराब झाली असेल, तर गर्भ नळीतच रुजतो. डॉक्टर त्याला एक्टोपिक म्हणतात, बायका 'नळीत गर्भ राहिला' म्हणतात. शंभर गर्भधारणांमागे साधारण एक ते दोन वेळा असे घडते, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक नव्हे तरी जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये कोणतेही ठळक कारण सापडत नाही. गर्भाशय ताणले जाते, नळी ताणली जात नाही. बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटते आणि रक्त पोटात साचू लागते. बाहेर मात्र कपड्याला चार डाग लागतात, इतकेच.

मी शिकाऊ डॉक्टर असतानाची एक रात्र मला विसरता येत नाही. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून पस्तिशीच्या आतबाहेरच्या एका बाईला चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतारावरून खाली आणले आणि रिक्षात घालून आमच्याकडे पोहोचवले होते. दोन दिवस पोटात कळा येत होत्या, उलट्या होत होत्या, शौचाला लागल्यासारखे वाटत होते. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन मिळाले होते. उजवा खांदा दुखत होता, पण रोज पाण्याचे हंडे वर चढवणाऱ्या बाईचा खांदा दुखला तर त्यात नवल ते काय, म्हणून घरच्यांनी बाम चोळला होता. तिच्या खालच्या पापणीची आतली बाजू कागदासारखी पांढरी होती, हातातल्या हिरव्या बांगड्यांखालचे मनगट गार पडले होते. मी पाळीची तारीख विचारली, तेव्हा नणंद म्हणाली, "मॅडम, हिचं ऑपरेशन झालंय, धाकटा सात वर्षांचा आहे. दिवस कसे राहतील?" लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ती पोहोचली, पण वाचली नाही.

त्या खांद्याविषयी थोडे सांगते. पोटातले रक्त वर सरकून श्वासपटलाला लागले, की तिथल्या मज्जातंतूमुळे वेदना खांद्याच्या टोकाला जाणवते, आणि आडवे झाल्यावर ती वाढते. पाळी चुकलेल्या किंवा अंगावरून थोडेथोडे जाणाऱ्या स्त्रीला पोटदुखीबरोबर असा खांदा दुखत असेल, भोवळ येत असेल, तर तो बामाचा विषय नाही. आणि नसबंदीचे म्हणाल, तर ती फसण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पण फसलीच, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा कितीतरी जास्त असते. तांबी बसवलेली असताना दिवस राहिले, तरी हेच लक्षात ठेवावे लागते.

तरुण शरीर फार काळ सावरून धरते. शरीरातले जवळजवळ एक तृतीयांश रक्त जाईपर्यंत रक्तदाब फारसा न उतरण्याची शक्यता असते, आणि मग तो एकदम कोसळतो. म्हणून 'मघाशी तर बोलत होती' हे वाक्य आम्ही नातेवाइकांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या गर्भपाताच्या गोळ्यांची. घरच्या किटवरच्या दोन रेघा गर्भ आहे एवढेच सांगतात, तो कुठे आहे हे सांगत नाहीत. या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही. गर्भाशयातून रक्तस्राव मात्र होतो आणि बाई समजते की मोकळी झाले. त्यानंतर पोट दुखले तरी ती ते गोळ्यांचेच दुखणे मानून सोसत राहते. कायद्याने या गोळ्या पात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आहेत, आणि तो नियम कागदी नाही. दुसरी काळजी आपल्या रीतीची. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, या समजुतीपायी अनेक घरांत पहिली तपासणीच तिसऱ्या महिन्यात होते. नळी तोवर थांबत नाही.

वेळेवर कळले, तर यात जीव जाण्याचे कारण उरत नाही. १८८३ साली बर्मिंगहॅममध्ये लॉसन टेट यांनी फुटलेल्या नळीची शस्त्रक्रिया करून रुग्ण वाचवला, तोवर डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. आज योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि रक्तातील बीटा एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाची तपासणी यांवरून निदान होते. नळी फुटलेली नसेल आणि गर्भ लहान असेल, तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवरही भागते, मात्र बीटा एचसीजी पूर्ण उतरेपर्यंत रक्त तपासत राहावे लागते. एरवी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात.

रुग्णालयात गेल्यावर पाळीची तारीख स्वतःहून सांगा. सासूसमोर किंवा भावासमोर सांगणे अवघड असेल, तर डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे म्हणा. अविवाहित मुलींनाही माझे हेच सांगणे आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती, की पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आलेल्या, पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची लघवीची तपासणी करा, मग तिचे ऑपरेशन झालेले असो वा नसो. भोवळ येऊन ती पडली असेल, तर १०८ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघा, आणि शस्त्रक्रिया व रक्त या दोन्हींची सोय असलेले रुग्णालय गाठा.

एक नळी काढावी लागली, तरी दुसऱ्या नळीतून मूल होऊ शकते, आणि अनेकींना होते. अशा स्त्रीने पुढच्या वेळी पाळी चुकताच डॉक्टरांकडे जावे, सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी करून घ्यावी आणि गर्भ गर्भाशयातच आहे हे पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच घरी यावे.