बातमी फुकट, पैसा कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या राज्य सरकारांच्या बातम्या आज कोण देतं आणि त्या बातमीदारांचा पगार कोण भरतं, यावर आज बोलायचं आहे. विषय सातासमुद्रापलीकडचा आहे खरा, पण मंत्रालयाच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला तो परका वाटू नये. आपल्याकडे मुंबई आणि हिवाळ्यात नागपूर. तिकडे पन्नास राज्यांच्या पन्नास राजधान्या. प्रत्येक ठिकाणी विधिमंडळ, अर्थसंकल्प, आणि निवडून आलेला गव्हर्नर. म्हणजे आपल्या राज्यपालांसारखा नव्हे, वर्षा बंगल्यावरचा माणूस समजा. शाळा, रस्ते, तुरुंग यांचा पुष्कळसा कारभार वॉशिंग्टनमधून नाही, या राजधान्यांतून चालतो.

आणि नेमका तिथलाच बातमीदार नाहीसा झाला. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, वर्तमानपत्रांची मिळकत आटली, आणि मालकांनी पहिली कुऱ्हाड कुणावर घातली? राजधानीत बसून समित्यांच्या रटाळ बैठका ऐकणाऱ्या माणसावर. 2014 साली प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं मोजदाद केली, तेव्हा तिकडच्या शंभरातल्या जेमतेम तीस वर्तमानपत्रांचा माणूस राज्याच्या विधिमंडळात होता.

त्या रिकाम्या बाकांवर येऊन बसल्या ना-नफा वृत्तसंस्था. देणग्यांवर चालणाऱ्या. आपल्याकडे 80-जीची पावती मिळते ना, तशी तिकडे या देणगीवर करसवलत मिळते. अशा संस्थेला उमेदवाराचा प्रचार करायला कायद्यानं मनाई आहे. बातम्या द्यायला मात्र मनाई नाही, आणि कुठल्या बातम्या द्यायच्या हे ज्याचं त्यानं ठरवायचं. यांतल्या पुष्कळशा संस्था बातम्या फुकट वाटतात. उचला, छापा, फक्त आमचं नाव द्या. गावोगावच्या आठ-दहा पानी पेपरांना हे घबाडच. संध्याकाळी सातला पान तीनवर चार कॉलम रिकामे असले की उपसंपादक काय करतो, हे जिल्हा दैनिकात काम केलेल्या कुणालाही विचारा. मी केलं आहे. प्रेसनोट आली, वरचं ‘प्रति, मा. संपादक’ काढलं, खालची सही काढली, मथळा बदलला की झाली बातमी.

तर पहिला मुद्दा लक्षात ठेवा. बातमी फुकट आहे, बातमीदाराचा पगार फुकट नाही. तो कुणीतरी भरतोच.

आता मला जो किस्सा सांगायचाच आहे तो सांगतो. गोष्ट नोव्हेंबर 2009 ची.

त्या वर्षी फेब्रुवारीत ओबामा सरकारनं मंदीवर उतारा म्हणून 787 अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर केलं होतं. एवढा पैसा वाटायचा म्हणजे गैरव्यवहाराची ओरड होणार, हे सरकारला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक वेबसाइट काढली, रिकव्हरी डॉट गव्ह. पै-पैचा हिशेब त्यावर. तुमच्या भागात किती पैसे आले, त्यातून किती नोकऱ्या निर्माण झाल्या किंवा वाचल्या, सगळं घरबसल्या बघा. त्या वेबसाइटच्या नूतनीकरणाचं कंत्राटच 1 कोटी 80 लाख डॉलरपर्यंत जाणारं होतं.

न्यू मेक्सिको राज्यात त्या वेळी जिम स्कॅरँटिनो नावाचे बातमीदार होते. ‘न्यू मेक्सिको वॉचडॉग’ या संकेतस्थळासाठी ते लिहीत. त्यांनी आपल्या राज्याचं पान उघडलं आणि खाली खाली जाऊ लागले. न्यू मेक्सिकोतून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात तीन खासदार जातात. एक, दोन, तीन. संपलं. पण यादी काही तीनावर थांबेना. अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांच्या नावावर पैसे जमा दिसत होते!

झालं, सगळीकडे शोध सुरू झाला. एबीसी या बड्या टीव्ही वाहिनीनंही तेच उकरून काढलं. ॲरिझोनाचे तेव्हा आठ मतदारसंघ. वेबसाइट सांगत होती, ॲरिझोनाच्या पंधराव्या मतदारसंघात 7 लाख 61 हजार 420 डॉलर खर्चून 30 नोकऱ्या निर्माण झाल्या किंवा वाचल्या. पंधरावा! नॉर्थ डकोटाची गंमत याहून मोठी. त्या अख्ख्या राज्याचा खासदार एक. एकच. आणि वेबसाइटवर नॉर्थ डकोटाचा मतदारसंघ क्रमांक 99 पैसे घेऊन मोकळा.

मग वॉचडॉगवाल्यांनी देशभरची बेरीज मांडली. असे 440 भुताटकी मतदारसंघ आणि त्यांत गेलेले 6.4 अब्ज डॉलर. बातमी वणव्यासारखी पसरली. रेडिओवर ओरड, टीव्हीवर ओरड, विनोदी कार्यक्रमवाल्यांची दिवाळी. लहान पेपरांनी मथळे दिले ते असे की वाचणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पोतंच पळवलं. ओबामांच्याच पक्षाचे ज्येष्ठ खासदार डेव्हिड ओबी, जे पॅकेज मंजूर करण्यात पुढे होते, तेही वेबसाइटवाल्यांवर भडकले.

आणि मग असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं बसून तपासलं. निघालं काय? पैसा कुठंही गेला नव्हता. पैसा जिथं जायचा तिथंच, खऱ्या शाळेला, खऱ्या ठेकेदाराला, खऱ्या संस्थेला मिळाला होता. चुकला होता तो फॉर्म. पैसे मिळालेल्या प्रत्येकानं आपला अहवाल आपणच ऑनलाइन भरायचा होता. असे सुमारे 1 लाख 30 हजार अहवाल. त्यात एक रकाना, मतदारसंघ क्रमांक. आता श्रोतेहो, तुम्ही पटकन सांगा, तुमच्या लोकसभा मतदारसंघाचा क्रमांक काय? नाव नका सांगू. बारामती, रावेर, नांदेड हे कुणीही सांगेल. क्रमांक सांगा. नंदुरबारला सुरू होऊन हातकणंगल्याला संपणारी आपली 48 ची यादी, त्यात बारामती 35 वी, हे बारामतीत किती जणांना सांगता येईल? तिकडे मतदारसंघाला नावच नसतं, नुसता आकडा. कुठल्यातरी ठेकेदाराच्या कारकुनानं शुक्रवारी संध्याकाळी अंदाजानं आकडा ठोकला आणि संगणकानं तो मुकाट घेतला. कोटी कोटी डॉलरची वेबसाइट, पण ‘या राज्यात पंधरावा मतदारसंघ नाही’ एवढं म्हणायची तिला अक्कल नाही. मला तर हे फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर जन्मतारखेत एक दिवस इकडचा तिकडे झाला की पोरगं वर्षभर सेतू केंद्राच्या खेपा घालतं. आणि तिथंच भलता पिनकोड टाकला तर पोर्टल हू की चू करत नाही. माझं तर मत आहे की सरकारी पोर्टल बनवणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला महिनाभर सेतू केंद्राच्या खिडकीत बसवावं. असो.

आता यात खोटं काय होतं? नीट ऐका, कारण सगळी मेख इथं आहे. मतदारसंघ अस्तित्वात नाहीत हे शंभर टक्के खरं. वेबसाइटवर तसं दिसतं हे शंभर टक्के खरं. आकडे खरे, बेरीज खरी. फक्त वाचणाऱ्याच्या मनात जे उतरलं, की पैसे खाल्ले, तेवढंच खोटं. बातमीतलं एकही वाक्य खोटं न लिहिता हे साधता येतं. दोन फोन करून ‘हा पैसा प्रत्यक्षात कुणाला मिळाला’ एवढं विचारलं असतं तर बातमी झाली असती ‘सरकारी वेबसाइट गचाळ’. तीही चांगलीच बातमी होती. पण तिच्यावर कुणी वणवा पेटवत नाही.

तुम्ही म्हणाल, एबीसीनंही तेच केलं, ते काय राजकीय पैशावर चालतात? बरोबर आहे. घाई ही सगळ्याच पत्रकारांची खोड आहे. फरक पुढचा. एबीसीचा मालक कोण, हे जगाला माहीत. ‘न्यू मेक्सिको वॉचडॉग’च्या मागे कोण? तर रिओ ग्रांदे फाउंडेशन, ही खुल्या बाजाराचा, कमी सरकारी खर्चाचा पुरस्कार करणारी संस्था. म्हणजे ज्या पॅकेजवर बातमी, त्या प्रकारच्या पॅकेजना मुळातच विरोध असलेली. आणि वॉचडॉगचं देशभरचं जाळं चालवणारं फ्रँकलिन सेंटर 2009 मध्येच सुरू झालेलं. त्याचे प्रमुख जेसन स्टव्हेराक त्याआधी नॉर्थ डकोटात रिपब्लिकन, म्हणजे ओबामांच्या विरोधी, पक्षाचे कार्यकारी संचालक. याला गुन्हा म्हणत नाही मी. पण फुकट बातमी वाचणाऱ्याला हे कुणी सांगितलं का?

आणि त्यांना पैसा कुणाचा? 2011 साली फ्रँकलिन सेंटरच्या मिळकतीतले 95 टक्के, म्हणजे 63 लाख डॉलर, एकाच ठिकाणाहून आले. डोनर्स ट्रस्ट. या ट्रस्टचं काम असं की उजव्या विचाराच्या धनिकानं पैसा ट्रस्टला द्यायचा, ट्रस्टनं पुढे द्यायचा, आणि कागदावर नाव यायचं ट्रस्टचं. मूळ धनी पडद्याआड. म्हणजे नाव जाहीर करा म्हटलं तर नाव जाहीर आहेच, पण ते पाकिटाचं, पाकिटात पैसे घालणाऱ्याचं नाही.

डावीकडचे काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. त्याच न्यू मेक्सिकोत, त्याच वर्षी, डाव्या बाजूच्या देणगीदारांच्या पैशावर ‘न्यू मेक्सिको इंडिपेंडंट’ चालत होतं. नावात इंडिपेंडंट. नावात स्वतंत्र असलं की मी आधी खालचा बारीक टाइप वाचतो. पुढे 2019 मध्ये ‘स्टेट्स न्यूजरूम’ उभं राहिलं, आज ते पन्नासही राज्यांत पोचलं आहे. त्याची सुरुवात झाली डाव्या विचाराच्या कामांना पैसा पुरवणाऱ्या हॉपवेल फंडाच्या पंखाखाली, आणि तो फंडही आपले देणगीदार सांगत नाही. नंतर ही संस्था स्वतंत्र झाली, मोठ्या देणगीदारांची नावं जाहीर करू लागली, आणि त्यांचे बातमीदार पुष्कळदा उत्तम काम करतात हेही सांगितलं पाहिजे. त्याच 2019 मध्ये उजवीकडे वॉचडॉगची जागा ‘सेंटर स्क्वेअर’नं घेतली. प्यूनं 2011 मध्ये अशी 46 संकेतस्थळं तपासली होती. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कल उघड दिसत होता, आणि ज्यांचा कल जास्त, त्यांचा पैशाचा हिशेब जास्त धूसर.

पुन्हा सांगतो, कल असण्याला माझा विरोध नाही. मराठी माणसानं तर विरोध करूच नये. 1881 पासून ‘केसरी’ वाचला आपण. टिळकांचा पक्ष कोणता, हे त्यांच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. ‘सामना’ 1988 साली निघाला, बाळासाहेबांचं नाव संपादक म्हणून छापलेलं. हातात घेतानाच माहीत, आत काय आहे. फार कशाला, सरकारचं ‘लोकराज्य’ मासिक घ्या. त्यात सरकारचं कौतुक वाचून कुणी फसल्याचं मी ऐकलेलं नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं तर ते पाठ करतात. कपाळावर गंध असलं की माणूस ओळखू येतो. पुसून आलं की पंचाईत.

आणि पैसा देणारा कोण हे विचारण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. निवडणूक रोख्यांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 15 फेब्रुवारी 2024 चा निकाल आठवा. पक्षाला कुणी पैसा दिला हे मतदाराला कळलंच पाहिजे म्हणून ती योजनाच रद्द झाली. मग पक्षाबद्दलची बातमी कुणाच्या पैशानं लिहिली, हे कळायला नको?

हे करता येत नाही असं नाही. टेक्सासमध्ये ‘टेक्सस ट्रिब्यून’ आहे, 2009 मध्येच निघालेलं, तेही ना-नफा, तेही देणग्यांवर. देणगीदारांची यादी उघडी. बातमीत एखाद्या देणगीदाराचा उल्लेख आला तर बातमीखालीच लिहितात, यांनी आम्हाला पैसे दिले आहेत. एवढं पुरतं. एका ओळीचं काम आहे. विधिमंडळात ना-नफा संस्थांचे बातमीदार 2014 मध्ये सगळ्या राज्यांत मिळून 92 होते, 2022 मध्ये ते 353 झाले. ही गर्दी वाढतच जाणार, त्यामुळे ती एक ओळ आता महत्त्वाची.

जाता जाता विस्कॉन्सिनचं सांगतो. तिथल्या मॅकायव्हर इन्स्टिट्यूट या खुल्या बाजारवाल्या संस्थेची स्वतःची वृत्तसेवा आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांच्या अर्थसंकल्पाच्या पत्रकार-बैठकीचं निमंत्रण त्यांना मिळालं नाही. ते कोर्टात गेले. एप्रिल 2021 मध्ये सातव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयानं गव्हर्नरची बाजू उचलून धरली: निमंत्रणाचे निकष सगळ्यांना सारखेच लावलेत, मतं पाहून कुणाला वगळलेलं नाही. कायद्यानं ते बरोबर असेल. पण दारावर कुणाला अडवायचं हे ठरवणारा तोच, ज्याच्यावर बातमी लिहायची आहे, हे माझ्या काही पचनी पडत नाही. आपल्याकडेही अधिस्वीकृती पत्रिका कुणाला आणि यूट्यूबवाल्याला का नाही, यावरून कुरबुरी चालतातच. मी असतो तर मॅकायव्हरवाल्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली असती. फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर बातमीदाराच्या नावाखाली पगार देणाऱ्याचं नाव, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि हाच नियम बाजूच्या खुर्चीवरच्या बड्या वाहिनीलाही.

नमस्कार.