मानेतली रोहिणी: ऑपरेशननंतरची दोन वर्षं

नमस्कार मंडळी. कॅरोटिडचं, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या रोहिणीचं, ऑपरेशन झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, नळी साफ झाली ना?" होते, नक्की होते. पण नळातला गाळ काढल्यावर नळ आहे तसाच राहतो. रोहिणी राहत नाही, ती जिवंत आहे. आज मला बोलायचं आहे ते तिच्या भरून येण्याबद्दल.

जबड्याच्या कोनाखाली बोट ठेवा, ठोका लागेल. हलकेच हं, आणि एका वेळी एकाच बाजूला. तिथेच जवळ ही रोहिणी दुभंगते: एक फाटा मेंदूकडे, दुसरा चेहऱ्याकडे. मेंदूकडचा फाटा सुरुवातीला थोडा फुगीर असतो. तिथे बाहेरच्या भिंतीलगत रक्त मंदावतं, भोवरे घेतं, आणि चरबीचा थर नेमका तिथेच बसतो. त्याचा तुकडा किंवा त्यावरची गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. पक्षाघाताची लक्षणं येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंद रोहिणी असलेल्या रुग्णांमध्ये, दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचा धोका नुसत्या औषधांवर २६ टक्के होता, ऑपरेशननंतर ९. हे १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

काढलेला थर ट्रेमध्ये ठेवला की दोन फाट्यांचा आकार तसाच दिसतो. पिवळसर, कुठे मऊ, कुठे कॅल्शियमने कडक, आणि एखाद्या खड्ड्यात काळसर गुठळी. त्याच्याबरोबर रोहिणीचं आतलं अस्तर आणि स्नायूच्या थराचा काही भागही निघून येतो. म्हणजे रक्त आता उघड्या भिंतीवरून वाहतं. प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, लगेच तिला चिकटतात; ॲस्पिरिन ऑपरेशनच्या आधीपासून चालू ठेवतात ते म्हणूनच. पुढच्या काही आठवड्यांत कडेकडेने अस्तराच्या पेशी सरकत येतात. भिंतीत उरलेल्या स्नायूपेशीही जाग्या होतात, आत येतात आणि नवा थर विणतात.

हा थर किती वाढायचा, हे बरंचसं प्रवाहावर ठरतं, आणि मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. रक्त वेगाने घासून जातं तिथे पेशींना आवर बसतो. मंदावतं तिथे त्या वाढत राहतात. म्हणून चीर शिवताना रोहिणी अरुंद होऊ नये यासाठी पॅच लावतात, म्हणजे ठिगळ, शिरेचं, डेक्रॉन या कृत्रिम कापडाचं किंवा गाईच्या हृदयावरणाचं. पण तो भलताच रुंद असेल तर पुन्हा भोवरे आलेच.

काहींत ही वाढ थांबत नाही. २०१० साली निष्कर्ष आलेल्या क्रेस्ट चाचणीत ऑपरेशननंतर दोन वर्षांत ६.३ टक्के रुग्णांची रोहिणी पुन्हा बरीच अरुंद झाली किंवा बंद पडली. स्त्रियांत आणि मधुमेहींत हे जास्त, धूम्रपान करणाऱ्यांतही. पण घाबरू नका. पहिल्या दोन वर्षांतलं अरुंदपण बहुधा व्रणाचं असतं, गुळगुळीत आणि घट्ट, त्याचे तुकडे सहसा सुटत नाहीत. त्यावर बऱ्याचदा नुसती नजर ठेवली तरी चालतं. त्यानंतर दिसतो तो बहुतेक वेळा नव्याने साचलेला चरबीचा थर, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडल्या की तो बळावू शकतो.

कानाच्या पाळीचा बधिरपणा काही महिने राहतो, त्याची काळजी नको. मात्र घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशनच्या बाजूला जोरदार डोकेदुखी झाली आणि बी.पी. चढलेलं असलं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूला अचानक पूर्ण दाबाचं रक्त मिळतं. त्यातून फिटचे झटके येऊ शकतात, क्वचित रक्तस्रावही होतो.

पहिली डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) साधारण महिन्याभरात करून घ्या आणि तो रिपोर्ट जपून ठेवा, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशीच ताडून बघायची असते. दोन वर्षं सहा-सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. आणि दर वेळी दुसऱ्या बाजूची रोहिणीही बघायला सांगा.