पाच गावांचं फ्रीमाँट

(पहाट. मिशन पीक या डोंगराचा माथा. खाली अजून दिवे लागलेले.)

मिशन पीकवरून उजाडताना खाली नजर टाकली की घरं दिसतात, झाडं दिसतात, पलीकडे खाडीचं पाणी चमकतं. पण या शहराचा मधला चौक शोधायला गेलात, तर सापडत नाही. एवढं मोठं गाव आणि त्याला पेठ कशी नाही?

कारण हे मुळात एक गाव नव्हतंच. सेंटरव्हिल, नाइल्स, आयर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं २३ जानेवारी १९५६ रोजी एकत्र आली आणि कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाचं शहर झालं. शेजारचं न्यूअर्क त्यांच्यात आलं नाही. त्याने आदल्याच वर्षी आपला वेगळा कारभार थाटला होता. आज त्याच्या जमिनीच्या चारही बाजूंना फ्रीमाँटच आहे. २०२०च्या जनगणनेत फ्रीमाँटची लोकसंख्या भरली २ लाख ३० हजार ५०४.

(मिशनची पांढरी भिंत.)

पाचांतलं सर्वांत जुनं मिशन सॅन होजे. स्पॅनिश पाद्र्यांनी ते १७९७मध्ये उभारलं, इथल्या मूळ रहिवासी ओलोनी लोकांच्या भूमीवर आणि त्यांच्याच श्रमांतून. १८६८च्या भूकंपात इथलं चर्च कोसळलं. आज दिसतं ते १९८०च्या दशकात पुन्हा बांधलेलं.

नाइल्सची गोष्ट वेगळी. डोंगराच्या खिंडीतून रेल्वे आली आणि तिच्यामागून सिनेमा. १९१५मध्ये चार्ली चॅप्लिन इथल्या एसॅने या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत काम करत होता. तिथल्या छोट्या चित्रपटगृहात मूकपट आजही पियानोच्या साथीने दाखवतात. जमलं तर तिथे एकदा जाऊन बसाच.

(कारखान्याचं फाटक. पाळी सुटते आहे.)

आणि हा कारखाना. जनरल मोटर्सने तो १९६०च्या दशकात सुरू केला आणि १९८२मध्ये बंद केला. गैरहजेरी, भांडणं, सदोष गाड्या, सगळंच बिघडलं होतं. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला, नुम्मी या नावाने. कामावर घेतले ते बरेचसे जुनेच कामगार. काही शे जणांना जपानला शिकायला पाठवलं. काही चुकतंय असं दिसलं की दोरी ओढायची आणि गाड्या जोडण्याची अख्खी रांग थांबवायची, हा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. माणसं बहुतेक तीच होती, पण गाड्या उत्तम निघू लागल्या. कामगाराला दोष देण्याआधी त्याला कशा पद्धतीत राबवलं जातं ते बघावं, हे मला इथे पटलं. २०१०मध्ये नुम्मी बंद पडली आणि वास्तू टेस्लाने घेतली. २०१२पासून इथून विजेवरच्या मोटारी बाहेर पडत आहेत.

(संध्याकाळ. लेक एलिझाबेथ.)

शहरातले निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत. सेंटरव्हिलमध्ये अफगाण नान भाजला जातो. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आली, त्यांत मराठीही. तळ्याकाठच्या या पायवाटेवर कुणी आजी नातवाला मराठीत हाक मारताना ऐकू आली, तर मागे वळून बघायचं कारण नाही.

तळ्याभोवतीच्या याच बागेच्या पोटातून हेवर्ड ही भूकंपाची भेग जाते, १८६८ला हलली तीच. जमीन वर्षाला काही मिलिमीटर सरकते. शहरात काही ठिकाणी पदपथाची कड बघा. दोन दगड एका रेषेत लावलेले होते, आता नाहीत.