डिकीतली गुंडाळी

श्रोतेहो, नमस्कार.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. सोलापूरकराची गाडी या तिन्ही वाटांवर अधूनमधून असतेच. शिवाय कुणी विजापूरला लग्नाला निघतं, कुणी पुण्याला मुलाला होस्टेलवर सोडायला. निघताना डिकी भरते. पाण्याचा कॅन, कडक भाकरी, शेंगाचटणी, अंथरूण-पांघरूण. आणि गाडी वाटेत अडली तर लागणारं सामान? त्याची आठवण गाडी अडल्यावर होते. आज त्याच सामानाबद्दल बोलायचं आहे. कापडाच्या एका गुंडाळीत मावेल, स्टेपनीच्या बाजूच्या खाचेत बसेल, एवढंच सामान. यादी पुढे येणारच आहे, कागद-पेन हाताशी ठेवा. पण त्याआधी एका प्रवासाची गोष्ट ऐका, कारण या यादीतल्या काही सामानाची गरज त्या प्रवासातही पडली होती.

वर्ष १८८८, ऑगस्ट महिना. जर्मनीतलं मानहाइम हे गाव. कार्ल बेंझ यांना त्यांच्या मोटारीचं पेटंट मिळून अडीच वर्षं झाली होती, २९ जानेवारी १८८६ ची तारीख आहे त्या पेटंटची. मोटार तयार होती, पण लोक ती विकत घ्यायला धजत नव्हते. कार्ल यांच्या पत्नी बेर्टा त्या वेळी ३९ वर्षांच्या होत्या. लग्नाआधीच स्वतःच्या हुंड्याचा पैसा त्यांनी या उद्योगात घातला होता. एका सकाळी नवऱ्याला न सांगता त्यांनी मोटार बाहेर काढली, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि त्या निघाल्या. कुठे? माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. सोलापूरहून विजापूरला जायचं म्हणा ना, तेवढंच. तोवर ही मोटार गावाच्या आसपास थोडंफार फिरून घरी यायची. एवढ्या लांब कुणी नेलीच नव्हती.

मोटार कशी होती तेही डोळ्यांसमोर आणा. तीन चाकं, मागे एकच सिलिंडर, ताकद जेमतेम दोन-अडीच अश्वशक्ती. इंजिन थंड ठेवायला पाणी, आणि ते पाणी वाफ होऊन उडून जायचं. म्हणून वाटेत खानावळ दिसली, ओढा दिसला की थांबायचं आणि पाणी भरायचं. पेट्रोल पंप जगात कुठेच नव्हता. ही मोटार लिग्रोइन नावाच्या द्रवावर चालायची. कपड्यांवरचे डाग काढायला लोक ते वापरत, आणि ते औषधाच्या दुकानात मिळे. वीसलोख गावात बेर्टाबाई औषधाच्या दुकानासमोर थांबल्या आणि तिथून लिग्रोइन घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही ओळखलं जातं.

आता ऐका, कारण इथून आपली यादी सुरू होते. वाटेत इंधनाची नळी चोंदली. नळीत कचरा अडकला, इंजिन बंद. बाईंनी टोपीला लावलेली लांब पिन काढली, नळीत घातली, कचरा काढला. इंजिन सुरू. पुढे ठिणगीच्या वायरचं वेष्टण घासून निघालं. उघडी तार धातूला टेकली की वीज तिथूनच निसटते, ठिणगी पडत नाही. मोजे घसरू नयेत म्हणून पायाला बांधायचा लवचिक पट्टा असतो, तो काढून त्यांनी त्या तारेभोवती गुंडाळला. पुन्हा इंजिन सुरू. पुढे साखळी ढिली पडली. ती हाताने होण्यासारखी नव्हती, म्हणून लोहाराकडे गेल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजून धरेना, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची सुरुवात तिथून झाली असं मानतात. चढावर इंजिन हरलं की मुलं उतरून ढकलायची. पुढे चढासाठी मोटारीला आणखी एक गिअर बसवला गेला, तो या ढकलण्यामुळेच. दिवेलागणीला तिघं फोर्त्सहाइमला पोहोचले आणि बाईंनी नवऱ्याला तार केली.

चार बिघाड झाले, बघा. चोंदलेली नळी, उघडी पडलेली वायर, ढिली साखळी, झिजलेला ब्रेक. पहिले दोन त्यांनी स्वतः दुरुस्त केले, दुसरे दोन कारागिरांकडून करून घेतले. आपली गुंडाळी बांधताना हाच हिशोब ठेवा. रस्त्याच्या कडेला, ऊन किंवा अंधार असताना, जे स्वतःच्या हाताने अर्ध्या तासात होईल तेवढ्याचंच सामान घ्या. पुन्हा सांगते, जे स्वतःला करता येतं त्याचंच सामान. क्लच, टायमिंग बेल्ट, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, यांना रस्त्यात हात लावायचा नाही. त्यासाठी मेकॅनिकचा नंबर आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हा मदतीचा क्रमांक कागदावर लिहून गुंडाळीत ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

एक मनात असलेलं बोलून टाकते. बेर्टाबाईंना मोटारीचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते ठाऊक होतं, म्हणून पिन आणि पट्टा पुरला. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअर शिकवतात, चाक बदलायला शिकवत नाहीत, आणि मुलींना तर मुळीच नाही. लायसन्सच्या परीक्षेत चाक काढून बसवायला लावलं पाहिजे. रात्री अकरा वाजता एकटी मुलगी मोहोळजवळ उभी असेल तर तिच्या उपयोगाला तेच येणार आहे.

बरं, आता यादी. लिहून घ्या.

टोपीच्या पिनेच्या जागी बांधकामाची बारीक बाइंडिंग तार, दोन मीटर. काच धुण्याच्या पाण्याचं भोक चोंदलं तर टाचणीसुद्धा पुरते. लोंबणारा सायलेन्सर किंवा सुटलेलं खालचं पत्र्याचं कव्हर या तारेनेच बांधायचं. सायलेन्सरला प्लास्टिकची टाय, म्हणजे वायरी बांधायची पट्टी, लावू नका, ती वितळते. बाकी ठिकाणी चालते, म्हणून २०० आणि ३०० मिलिमीटरच्या दहा-दहा घ्या. पट्ट्याच्या जागी इन्सुलेशन टेप, एक गुंडाळा. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४२ च्या वर जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. टेपचा गोंद पाघळतो, म्हणून दर उन्हाळ्यानंतर तो बदला. त्याच उन्हामुळे स्प्रेचा डबा गाडीत ठेवू नका. बहुतेक डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. पॉवर बँकही डिकीत पडू देऊ नका. आणि बाटलीत पेट्रोल भरून ठेवणं तर कधीच नाही.

पाने. शंभर नगांचा स्वस्त सेट घेऊ नका. त्याचं पोलाद मऊ असतं, पाना घसरतो आणि बोल्टचे कोपरे गोल होतात. एकदा कोपरे गेले की मेकॅनिकलाही तो बोल्ट निघत नाही. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे चारच पाने घ्या, एका बाजूला रिंग असलेले: १०, १२, १३ आणि १४ मिलिमीटरचे. बॅटरीच्या टर्मिनलला बहुतेक गाड्यांत १० चा लागतो, तो नक्की हवा. एक पकड, आठ इंची. एक लांब चोचीची पकड, फ्यूज काढायलाही तीच. स्क्रू ड्रायव्हर उलटसुलट होणारा, म्हणजे एकातच चपटा आणि फुलीचा. हातमोजे एक जोडी. कपाळाला बांधायची बॅटरी, कारण चाक बदलताना दोन्ही हात मोकळे लागतात. तिचे सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत ठेवा, आत राहिले तर पाझरून बॅटरी खातात.

फ्यूज. त्यांचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. प्रत्येकी दोन घ्या, पण आपल्या गाडीचा एक काढून दुकानात न्या, कारण आकार दोन-तीन प्रकारचे असतात. उडालेल्या १५ च्या जागी ३० चा घालू नका, चंदेरी कागद तर मुळीच नको. फ्यूजऐवजी मग वायर तापते आणि आग लागते.

आता चाक. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात.

आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकायला सुरुवात केली, आणि त्या मालाचं नाव आपल्या तोंडी कायमचं बसलं. ब्रिटनमध्ये आता कुणी स्टेपनी म्हणत नाही, आपण म्हणतो. असे शब्द जपावेत असं मला फार वाटतं. ‘अतिरिक्त चक्र’ वगैरे घडवत बसण्याची गरज नाही.

तर, चाकाचे नट सुटत नाहीत याचं कारण म्हणजे दुकानात ते हवेच्या बंदुकीने आवळलेले असतात. छोट्या गाडीचा नट साधारण १०० न्यूटन मीटर आवळायचा असतो. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे ३४ किलोचा जोर. बंदूक त्याच्या दुप्पटही आवळून टाकते. म्हणून गाडीबरोबर आलेल्या पान्यावर बसेल असा दोन फुटांचा लोखंडी पाइप ठेवा. पाइप फक्त सोडवायला. पुन्हा सांगते, फक्त सोडवायला. आवळताना पाइप लावला तर नटाचा स्टड तुटतो. पान्याचा आकार तपासून घ्या: मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना १९ चा, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना २१ चा. अलॉय व्हीलला कुलपाचा नट असेल तर त्याची चावी याच गुंडाळीत ठेवा, घरच्या कपाटात नाही.

दुसरी अडचण आपल्या मातीची. डांबर सुटलं की काळी माती, आणि पावसाळ्यात तिच्यात जॅक खोल रुततो. गाडी वर उचलायच्या ऐवजी जॅक खाली जातो, तिरपा होतो आणि गाडी घसरते. म्हणून फूटभर लांब-रुंद, निदान इंचभर जाड लाकडी फळी जॅकखाली घ्यायची. आणि अर्धी वीट किंवा लाकडी पाचर, तिरक्या समोरच्या चाकाला. आधी हँडब्रेक, गिअर पहिला. मग चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, नंतर जॅक. उचललेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही. बसवताना नट समोरासमोर आवळा आणि ४०-५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. बदललेली स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा, बहुतेक ८० असतो.

पंक्चर ट्यूबलेस टायरच्या तळव्याला असेल तर रबरी पट्टीने भरता येतं, बाजूच्या भिंतीला असेल तर नाही. किटमधली सोल्युशनची ट्यूब आपल्या उन्हात वर्षभरात सुकते, ती दाबून पाहा. हवा भरायचा बारा व्होल्टचा छोटा पंप ठेवा, इंजिन चालू ठेवूनच तो लावा. पंप बंद पडला तर आधी चार्जिंग सॉकेटचा फ्यूज पाहा, बहुतेक तोच गेलेला असतो.

बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायला जम्पर वायर लागतीलच. जाड तांब्याच्या, तीन मीटर. बारीक वायरीने दिवे लागतात, इंजिन फिरत नाही. क्रम असा: लाल आधी संपलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी पडायला नको. काढताना उलटा क्रम.

लाल त्रिकोण मागे ५० मीटरवर, हायवेवर १०० मीटरवर. ५० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ६५ पावलं. आणि दोन लिटर पाणी वेगळं, प्यायच्या पाण्यातलं नाही. इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आत दाब असतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. अर्धा तास थांबा, मग हात लावून पाहा.

हे सगळं कशात ठेवायचं? पत्र्याच्या पेटीचा खडखडाट होतो आणि ती जागाही खाते. शिंप्याकडून जाड कॅनव्हासची पट्टी घ्या, दीड फूट रुंद, अडीच फूट लांब, त्यावर कप्पे शिवून घ्या, गुंडाळून नाडीने बांधा. पाइप, पंप आणि जम्पर वायरी दुसऱ्या पिशवीत. सोबत एक जुनी सोलापुरी चादर, गाडीशेजारी गुडघे टेकायला अंथरण्यासाठी, आणि घरातला जुना टेरी टॉवेल हात पुसायला. या दोन वस्तूंसाठी तरी आपल्याला दुकानात जायला नको.

शेवटचं काम, येत्या रविवारी सकाळी, दारासमोर. आधी स्टेपनीतली हवा मोजा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा स्टेपनीवरच छापलेला असतो. मग एका चाकाचा एक नट सैल करून पाहा. पाना लावा, जोर द्या. सुटला नाही तर पाइप लावा, आणि पाइप लहान पडतो की पुरतो हे तिथेच कळेल. मग तो नट नुसत्या पान्याने पुन्हा आवळा.

नमस्कार.